टाक्यांवर तगलेलं नगर

दुसऱ्या शतकात पश्चिम भारतातल्या दोन बलाढ्य राजघराण्यांमध्ये सोयरीक झाली. ती आपल्याला कळते ती राजवाड्यातल्या कुठल्या दप्तरातून नव्हे, तर मुंबईतल्या कान्हेरीच्या डोंगरातल्या पाण्याच्या एका टाक्यामुळे. टाक्यावरचा लेख तुटका आहे. त्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ती क्षत्रपांच्या कार्दमक राजवंशात जन्मलेली, महाक्षत्रप ‘रु...’ याची मुलगी. ‘रु’च्या पुढचा दगड गेला आहे. हा महाक्षत्रप म्हणजे रुद्रदामन, असं बहुतेक अभ्यासक मानतात. टाकं दान दिलं आहे ते शतेरक नावाच्या अमात्यानं. आजूबाजूचे बहुतेक सगळे लेख प्राकृतात असताना हा एक संस्कृतात आहे, कारण क्षत्रपांच्या दरबारी संस्कृतला मान होता. सातवाहनांच्या घरात आलेली ती राजकन्या आपल्या माहेरची भाषाही घेऊन आली असावी, असं मला हा लेख वाचताना वाटत राहतं.

या सोयरिकीला रक्ताची पार्श्वभूमी होती. रुद्रदामनचा जुनागढचा लेख इ.स. १५०च्या सुमाराचा. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला मी दोनदा समोरासमोर हरवलं, पण नातं जवळचं म्हणून त्याचा समूळ उच्छेद केला नाही, असं तो त्यात सांगतो. जुनागढचा तो लेखसुद्धा मुळात पाण्याचाच आहे. वादळी पावसानं सुदर्शन तलावाचा बांध फुटला, तो पुन्हा बांधला, हे सांगण्यासाठी तो कोरला गेला. एकमेकांशी लढणारे हे दोन राजे इतिहासात सोयरे म्हणून भेटतात ते एका तलावाच्या आणि एका टाक्याच्या लेखांत. कान्हेरी समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी. कातळात कोरलेलं हे बौद्ध लेण्यांचं नगर हजार वर्षं नांदलं त्याचं श्रेय आपण सवयीनं राजांना आणि शिल्पांना देतो. त्यातला मोठा वाटा पाण्याचा आहे, आणि ज्यांनी ते पाणी साठवण्यासाठी पदरचे पैसे मोजले त्या सोनार, लोहार, व्यापारी आणि भिक्खुणींचा.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून आत शिरलं की जंगलातल्या रस्त्यानं सहा-सात किलोमीटरवर लेण्यांचा पायथा येतो. पायऱ्या चढून वर गेलं की बहुतेक मंडळी तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह पाहतात, अकराव्या क्रमांकाच्या दरबार लेण्यात डोकावतात, फोटो काढतात आणि उतरायला लागतात. त्यांनी नगराची फक्त वेस पाहिलेली असते. खरं नगर नाल्याच्या दोन्ही अंगांना आणि डोंगराच्या माथ्यापर्यंत पसरलं आहे. कातळात खोदलेल्या पायऱ्या वळणं घेत वर जातात, त्यांना फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्यावर दारं उघडतात. शंभरावर गुंफा आहेत. त्यात देवळं थोडी. उरलेली सगळी घरं आहेत.

असं एक घर सावकाश पाहावं. वाटेवरून चार-पाच पायऱ्या चढून आपण छोट्या अंगणात येतो. अंगणाच्या एका बाजूला कातळातच कोरलेला बाक. दुसऱ्या बाजूला भिंतीत एक खण आणि त्याच्या तळाशी टाक्याचं चौकोनी तोंड. तोंड अरुंद, हंडा आत जाईल एवढं. आत वाकून पाहिलं की पोट मात्र खोलीएवढं लांबरुंद असल्याचं कळतं. पाणी उन्हापासून लपलेलं राहावं म्हणून ही योजना. मग दोन खांबांची ओसरी, तिच्या मागे दालन, दालनाच्या कडेनं बसायला दगडी ओटा आणि कोपऱ्यात एक खोली. खोलीत झोपण्यासाठी दगडाचाच मंच. दाराच्या चौकटीला भोकं आहेत, ती लाकडी दार बसवण्यासाठी. ओसरीच्या कातळात, आपल्या डोक्याच्या वर, हाताच्या बोटाएवढी खोल पन्हळ छिन्नीनं ओढलेली दिसते. ती पाहायला मान वर करावी लागते आणि बहुतेक जण ती करत नाहीत. डोंगरावरून धावत येणारं पाणी दर्शनी भागावरून आत न शिरता या पन्हळीतून बाजूला वळतं आणि टाक्यात उतरतं. टाकं भरलं की जादा पाणी पुढच्या चरातून खालच्या टाक्याकडे जातं. पावसाळ्यात गेलं तर ही सगळी यंत्रणा आजही काम करताना दिसते.

मुंबईच्या पावसाचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे त्याला या खटाटोपाचं मोल सांगायला नको. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि पुढचे आठ महिने आभाळ कोरडं. इथला खडक ज्वालामुखीचा, डोंगर चढाचा, नाला पावसाळी. पडलेलं पाणी बघता बघता खाली निघून जाणार. अशा जागी शेकडो माणसांना बारमाही राहायचं असेल तर पाऊस आला त्याच क्षणी अडवला पाहिजे. टाक्यांशिवाय नाल्यावर बांध घालून पाणी अडवल्याच्या खुणाही इथे आहेत. म्हणजे घरटी टाकं आणि सगळ्यांचा मिळून एक साठा, अशी दुहेरी व्यवस्था. नगररचनेच्या पुस्तकांत ज्याला आज मोठं महत्त्व आहे ते या भिक्खूंनी छिन्नी-हातोड्यावर करून दाखवलं होतं.

बौद्ध भिक्खूंनी पावसाळ्याचे महिने एका जागी राहावं, एरवी फिरत राहावं, असा मूळ नियम. वर्षावास म्हणतात तो हाच. आरंभी कान्हेरीचा डोंगर असा पावसाळी मुक्कामाचाच असणार. पण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत इथली वस्ती वाढत गेली आणि स्थिरावली. त्याचं कारण डोंगराच्या चहूबाजूंना होतं. उत्तरेला सोपारा, पूर्वेला खाडीपलीकडे कल्याण, दक्षिणेला चेऊल. तिन्ही बंदरं गजबजलेली. नाणेघाटातून जुन्नरकडे आणि तिथून पैठणकडे जाणाऱ्या मालाची ये-जा याच टापूतून व्हायची. या बंदरांवर ताबा कुणाचा, हाच सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातल्या भांडणाचा गाभा होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणबद्दल लिहिलं आहे की आधी ते रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पुढे तिथे अडथळे आले आणि चुकून आलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. टाक्यावरच्या त्या तुटक्या लेखातली सोयरीक या ओढाताणीच्या काळातली आहे.

राजे भांडत राहिले, पण दानं थांबली नाहीत. इथले लेख म्हणजे त्या काळच्या कोकणातल्या कामकरी आणि व्यापारी लोकांची हजेरीच आहे. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनारानं टाकं दिलं. सोपाऱ्याच्या एका व्यापाऱ्यानं दिलं. चेऊलच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोन्या-नाण्याचा व्यवहार पाहणाऱ्याच्या, मुलानं टाकं तर दिलंच, शिवाय वाटही करून दिली. कल्याणच्या एका लोहारानं नुसती वाट दिली. या शेवटच्या दानाशी मी नेहमी थबकतो. चैत्यगृह कोरून देण्याची त्या माणसाची ऐपत नव्हती. टाक्याचीही नसेल. पण ज्या पायऱ्यांवरून भिक्खू रोज भिक्षेला उतरतील आणि चढतील त्या पायऱ्या तरी आपण देऊ, असं त्याला वाटलं. त्याच्या घणानं आणि भात्यानं मिळवलेले पैसे त्या वाटेत गेले आणि त्या दानाचा लेख कातळावर राहिला. इथल्या लेखांमध्ये बायकाही मोठ्या संख्येनं आहेत. गृहिणी आहेत आणि भिक्खुणीही. आपल्या दानाचं पुण्य आईवडिलांना मिळावं, सर्व प्राणिमात्रांच्या हिताला लागावं, अशी इच्छा त्या नोंदवतात.

दान एकदा देऊन संपत नसे. गुंफा कोरून दिली की ती चालवण्यासाठी ‘अक्षयनीवी’ ठेवायची, म्हणजे मुद्दल कायम ठेवून व्याजावर किंवा शेताच्या उत्पन्नावर खर्च भागवायचा. एका लेखात तिथे पावसाळा काढणाऱ्या भिक्खूला चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, १६ कार्षापण नाणी मिळावीत, असं ठरवून दिलं आहे. ऋतुमानानुसार दरमहा वेगळी छोटी रक्कमही आहे. कुठे वहाणांचीसुद्धा तरतूद दिसते. हा खडकाळ डोंगर उन्हाळ्याच्या दुपारी ज्यानं चढला आहे त्याला वहाणांचा हा हिशेब मनापासून पटेल. मठाची ही अर्थव्यवस्था जितकी बारकाईनं पाहावी तितकी थक्क करते. कुठलाही राजा गादीवर असो वा नसो, शेत पिकत राहील आणि व्याज येत राहील, असा तिचा पाया होता.

तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह या सगळ्याचा कळस. दुसऱ्या शतकाच्या शेवटाकडे, यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी ते कोरवून घेतलं. त्यांच्या लेखात काम पाहणाऱ्या भिक्खूंचा आणि दगड घडवणाऱ्या कारागिरांचाही उल्लेख आहे, हे मला विशेष मोलाचं वाटतं. कार्ल्याचं चैत्यगृह ज्यांनी पाहिलं आहे त्यांना नमुना लगेच ओळखू येईल. दर्शनी भिंतीवर दांपत्यांची तशीच भरदार शिल्पं, आत दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी स्तूप. मात्र कार्ल्याचा एकजिनसीपणा इथे नाही. दाराजवळच्या खांबांना कुंभाची बैठक आणि वर हत्ती-माणसांची शीर्षं आहेत. आत जावं तसे बरेच खांब साधे, अष्टकोनी, शीर्षाविना उभे दिसतात. काम अर्ध्यावर सोडून उपासना सुरू झाली. सातवाहन घराण्याचा उतरता काळ होता, बंदरांवरचा पैसा आटत चालला होता, आणि त्याची खूण या उघड्या खांबांवर राहिली. मला हे चैत्यगृह या अपुरेपणासकट आवडतं, कारण त्यात घाई आणि निकड दिसते.

व्हरांड्याच्या दोन टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती उभ्या आहेत. त्या नंतरच्या, पाचव्या-सहाव्या शतकातल्या. तोवर सातवाहन जाऊन दोनशेहून जास्त वर्षं झाली होती आणि कोकणावर त्रैकूटकांचं राज्य येऊन गेलं होतं. चैत्यासमोर एक स्तूप होता. १८३९ साली डॉ. जेम्स बर्ड यांनी तो उकरला तेव्हा आत तांब्याचे कलश, त्यात रक्षा, माणिक, मोती आणि सोन्याचे तुकडे मिळाले. सोबत ताम्रपट मिळाला. त्यावर त्रैकूटकांच्या कालगणनेतलं २४५वं वर्ष आहे, म्हणजे इ.स. ४९४च्या आसपासचं. नगर उजाड झालेलं नव्हतं. दूरदूरचे लोक इथे येऊन स्तूप उभारत होते.

मधल्या या शतकांत धर्माचं रूप बदललं. साध्या घरांच्या भिंतींवर मूर्ती कोरल्या गेल्या. ४१व्या गुंफेत अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. दगडात कोरलेलं त्याचं असं रूप भारतात दुसरीकडे सापडत नाही. ३४व्या गुंफेच्या छतावर बुद्धाचं चित्र आहे, रंग भरायचे राहून गेलेलं. ९०व्या गुंफेत अवलोकितेश्वर मधे उभा आणि दोन्ही बाजूंना लहान चौकटी. प्रत्येकीत संकटात सापडलेली माणसं त्याचा धावा करताहेत. हत्ती चालून येतोय, सिंह झडप घालतोय, साप डसायला येतोय, आग लागली आहे. एका चौकटीत गलबत बुडतं आहे. सोपाऱ्याच्या नाहीतर चेऊलच्या व्यापाऱ्यानं ते पाहिलं असेल तेव्हा त्याचा हात आपोआप जोडला गेला असेल. ज्या पैशावर हे नगर चालत होतं तो असाच समुद्रावर जीव टांगून मिळवलेला होता.

नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे मांडलिक म्हणून शिलाहार कोकणावर राज्य करत होते. हे शिलाहार शैव, पण कान्हेरीचे लेख त्यांच्या राजांची नावं आदरानं घेतात. पुल्लशक्ती आणि त्याचा मुलगा दुसरा कपर्दी यांच्या काळातले हे लेख इ.स. ८४३ ते ८७७च्या दरम्यानचे. एका दानात बुद्धपूजेसाठी, डागडुजीसाठी, चीवरांसाठी आणि पोथ्यांच्या खरेदीसाठी रकमा वेगवेगळ्या वाटून दिल्या आहेत. दुसरं दान गौड देशातून, म्हणजे थेट बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाचं. भिक्खूंना ध्यानासाठी जागा आणि वस्त्रं मिळावीत म्हणून त्यानं १०० द्रम्म ठेवले. सातशे वर्षांपूर्वी इथल्या दात्यांनी जी पद्धत पाळली, मुद्दल ठेवा आणि उत्पन्नावर चालवा, तीच हा बंगाली उपासक पाळत होता. दरम्यान सातवाहन, क्षत्रप, त्रैकूटक, कलचुरी, चालुक्य असे एकामागून एक सगळे सत्तेबाहेर गेले होते.

संकटांच्या चौकटी असलेल्या त्या ९०व्या गुंफेत आणखी काही ओळी आहेत. त्या ना ब्राह्मी, ना देवनागरी. त्या पहलवी लिपीत आहेत. यज्दगर्दी सन ३७८, म्हणजे इ.स. १००९ मध्ये, इराणहून आलेले जरथुश्त्री लोक शुभ शकुन पाहून इथे आले आणि त्यांनी आपली नावं, बापाच्या नावासकट, कोरून ठेवली. १०२१ साली पुन्हा एक मेळा येऊन गेला. आपला धर्म वाचवून समुद्रापार आलेल्या या लोकांना दुसऱ्या धर्माचा हा डोंगर पाहावासा वाटला आणि इथल्या रहिवाशांनी त्यांना भिंतीवर नावं कोरू दिली. या लेखांचा छडा लावणारे एडवर्ड वेस्ट हे पेशानं इंजिनियर, मुंबईतल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला होते. त्यांनी कान्हेरीच्या लेखांचे ठसे घेतले, पहलवीचा नाद लागला तो जन्मभर सुटला नाही आणि पुढे ते त्या भाषेचे युरोपातले मोठे जाणकार झाले. अलीकडच्या काळात डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी कान्हेरीचे सगळे लेख एकत्र करून १९९१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. वर सांगितलेली ती सोनार-लोहारांची हजेरी आपल्याला सलग वाचता येते ती त्यांच्यामुळे.

गोखल्यांच्याच कामातून आणखी एका जागेचं मोल कळलं. डोंगराच्या एका कडेला, कातळाच्या लांबलचक छपराखाली, विटांच्या स्तूपांच्या जोत्यांची रांग आहे. ही इथल्या भिक्खूंची स्मशानभूमी. स्तूपांवर थोर स्थविरांची नावं होती आणि त्यांनी साधनेत कुठवर मजल गाठली होती त्याची नोंद. ज्या वस्तीला आपल्या मृतांसाठी वेगळी जागा राखावी लागते ती वस्ती चार महिन्यांच्या मुक्कामाची उरलेली नसते. इथे लोक तरुणपणी येत, शिकत, शिकवत, म्हातारे होत आणि इथेच राख होत.

अकराव्या शतकानंतर लेख थांबतात. घाटावर आणि किनाऱ्यावर दान देणारे लोक दुसऱ्या दैवतांकडे वळले होते आणि अक्षयनीवीला नवे हात मिळेनात. १५३४ साली वसई आणि साष्टी पोर्तुगिजांकडे गेली तेव्हा गुंफांमध्ये जोगी राहत होते. फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो यांनी त्यांना ख्रिस्ती केलं आणि चैत्यगृहाचं संत मायकेलचं चर्च झालं. डोंगरातून भुयारं थेट खंबायतपर्यंत जातात, अशा कथा पोर्तुगीज लेखकांनी लिहून ठेवल्या आहेत. टाकी, चर आणि एकमेकांवर चढलेली दालनं यांचं जाळं अंधारात पाहिल्यावर असं वाटलं तर नवल नाही.

पुढची तीन शतकं हा डोंगर जंगलात राहिला. मुंबई शहर दक्षिणेला वाढत गेलं आणि विहिरी पुरेनाशा झाल्या. त्या शहराला नळाचं पहिलं पाणी १८६० साली मिळालं ते विहार तलावातून. तो तलाव याच डोंगररांगेच्या कुशीत आहे. १८७९ साली त्याच्या शेजारी तुळशी तलाव पुरा झाला. पाऊस इथेच अडवला तर पुरतो, या कान्हेरीच्या जुन्या अनुभवाला नव्या मुंबईनं असा दुजोरा दिला.

आणि या डोंगरानं अजून सगळं सांगितलेलं नाही. २०१५ साली पुराविद सूरज पंडित यांच्या अभ्यासगटाला राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, ओळखीच्या लेण्यांपासून बाजूला, आणखी सात गुंफा सापडल्या. त्या लहान आणि साध्या आहेत. त्यांच्याजवळ टाकी नाहीत. त्यामुळे त्या कान्हेरीच्या बऱ्याच गुंफांपेक्षा जुन्या असाव्यात, असं अभ्यासकांचं मत आहे. पावसाळ्यात चहूबाजूंना पाणीच पाणी असताना टाक्याची गरज कुणाला? चार महिने तिथे बसून भिक्खू पुढे निघून जात असतील. टाकं खोदायला घेतलं ते ज्यांनी दसऱ्यानंतरही इथेच राहायचं ठरवलं त्यांनी.